चढणीवरचा ठोका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मातोश्रींस घेऊन नाशिकहून सुरगाण्यास निघालो होतो. मोटार आमची जुनी, पद्मिनी जातीची. वणी सोडताना एका पंपावर पेट्रोल भरले आणि बोरगावच्या वाटेस लागलो. पहिली चढण लागते न लागते तोच यंत्रातून, डब्यात खडे घालून कोणी खुळखुळवावे, तसा आवाज येऊ लागला. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की ठोके सुरू, उचलला की बंद. उतारावर तर त्यांचा मागमूसही नाही.

पेट्रोलात रॉकेल मिसळले म्हणजे यंत्र ठोके देते, एवढे आमचे ज्ञान होते, आणि अर्धवट ज्ञानास संतापाची जोड लवकर मिळते. आम्ही मोटार तशीच माघारी वळविली आणि पंपावरील तरुणास चार माणसांदेखत भेसळीचा दोष देऊन नको नको ते बोललो. तो काही बोलला नाही. आतून गाळणकागद आणून त्याने त्यावर नळीतील पेट्रोलाचा एक थेंब सोडला. क्षणात थेंब उडून गेला. कागदावर डाग राहिला नाही. शुद्ध पेट्रोलाची ही साधी परीक्षा असून ती कोणत्याही पंपावर मागता येते, हे आम्हांस ठाऊक होते, तरीही "ही सारी हातचलाखी!" असे म्हणून आम्ही निघालो. "अरे, उगीच बोललास त्या पोराला," एवढेच मातोश्री म्हणाल्या.

सुरगाण्यास पोहोचेपर्यंत आमचा जीव मुठीत होता, कारण कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असल्यास यंत्र उकलावे लागते आणि त्याचा खर्च आमच्या पगारास झेपणारा नव्हता. तेथील मिस्त्रींनी आल्याआल्या बॉनेट उघडले नाही. प्रथम विचारले, "गुरुजी, ठोका उभ्या गाडीत येतो, का चढावर?" मग यंत्र चालू ठेवून, लांब पेचकसाचे टोक त्यावर टेकवून मूठ कानास लावली. एकेका प्लगाची तार क्रमाने काढून पाहिली. बेअरिंग गेले असते, तर त्या नळकांड्यातील स्फोट थांबताच ठोका मंदावला असता. येथे उभ्या गाडीत मुळी ठोकाच नव्हता! पुढे ते आमच्या शेजारी बसले व गावाबाहेरील चढावर गाडी घेण्यास त्यांनी सांगितले. वरच्या गिअरात आवाज स्पष्ट येई. गिअर खाली घेताच नाहीसा होई.

"डिस्ट्रिब्यूटरला कोणी हात लावला होता?"

लावला होता. आम्हीच! मागच्या रविवारी पुस्तक उघडून आम्ही नवे पॉइंट बसविले होते, आणि गाडी अधिक चपळ वाटली म्हणून डिस्ट्रिब्यूटरची डबी थोडी पुढे फिरविली होती.

यातील मर्म असे. पेट्रोलाची वाफ पेटून सर्व जळण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी टाकतात. ती फारच लवकर पडली, तर पिस्टन अजून वर येत असतानाच आत दाब वाढतो आणि कोपऱ्यात उरलेली वाफ दबून, तापून, ज्योतीची वाट न पाहता आपणच एकदम पेट घेते. त्या धक्क्याच्या लहरी भिंतींवर आदळतात. तोच हा ठोका. चढावर नळकांडी पूर्ण भरतात व यंत्राचा वेग मंद असतो, म्हणून तो तेथेच प्रकटतो. असेच हाकीत राहिल्यास पिस्टनास भोकही पडते.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हाच खटला उलट चालला होता. चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवरील ठिणगीच्या योजनेस लोक ठोक्याबद्दल बोल लावीत. त्यांचे सहायक टॉमस मिजली यांनी शोध करून खरा दोष इंधनाचा असल्याचे दाखविले, आणि डिसेंबर १९२१ मध्ये त्यावर शिशाचे संयुग हा उपाय काढला. ठोका थांबला खरा, पण शिशाचे विष घरोघरी मुलांच्या रक्तात गेले. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील शेवटच्या पंपावरून, अल्जीरियात, २०२१ साली. तेथे इंधन अपराधी असून ठिणगीची बदनामी झाली; येथे अपराध ठिणगीचा, म्हणजे आमच्या हाताचा, आणि शिव्या खाल्ल्या पेट्रोलाने. पेट्रोलाने तरी कशाला, त्या तरुणाने. शिवाय हल्ली पेट्रोलात मिसळण्यात येणारे इथेनॉल ठोका वाढवीत नाही, उलट आवरते. हेही आम्हांस मागाहून आठवले.

मिस्त्रींनी पकडीचा बोल्ट सैल करून, आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने डबी केसभर फिरविली; त्यायोगे ठिणगी उशिरा पडते. पुन्हा चढ. किंचित किणकिण उरली होती. आणखी केसभर. तिसऱ्या खेपेस वरच्या गिअरात नुसता यंत्राचा श्वास ऐकू आला. काजळी धरलेले प्लग घासून त्यांनी परत बसविले, आणि "आता पुस्तक जरा मिटून ठेवा, गुरुजी," असे हसत म्हणाले.

परतताना मातोश्रींनी सांगावे लागले नाही. आम्ही त्याच पंपावर मोटार उभी केली. तोच तरुण पुढे आला. आमची चूक आम्ही त्याच्यापुढे, पुन्हा चार माणसांदेखत, सांगितली आणि क्षमा मागितली. त्याने थोडा वेळ आमच्याकडे पाहिले, टाकीचे झाकण उघडले आणि विचारले, "किती टाकू, सर?"