खण मोजण्याआधी

वाड्याच्या दुरुस्तीचं काम आलं की मी आधी कागद बघते, मग भिंत. पुण्यात कागद बघायला जागाही आहेत. कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीतलं पुराभिलेखागार, ज्याला आपण अजून पेशवे दफ्तरच म्हणतो. आणि सदाशिव पेठेतलं, राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० साली उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ.

लोक विचारतात, शनिवारवाड्याचा जुना फोटो मिळेल का? जोती आणि तट यांचे मिळतील. वाड्याचा नाही. पायाभरणी १७३० ची, आत सगळं जाळणारी आग १८२८ ची, आणि फोटोचं तंत्र जगापुढे आलं १८३९ मध्ये. कॅमेऱ्याने तो वाडा पाहिलेलाच नाही. गणेश रंगमहालातला १७९० चा दरबार थॉमस डॅनियलच्या चित्रात दिसतो, पण तेही जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेलं. बाकी आधार आहे तो उरलेल्या जोत्यांचा, तळखड्यांचा आणि मोडीतल्या जमाखर्चांचा. सागवान जुन्नरचं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. मला चित्रापेक्षा असे तपशील जास्त उपयोगी पडतात. चित्रकार खांब सुंदर करतो. हिशेब लिहिणारा कारकून आलेलं लाकूड आणि दिलेले पैसे मांडतो.

फोटो वाचताना मी वास्तूकडे शेवटी बघते. आधी सावली. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे, हिवाळ्यात त्याच्यावर थेट ऊन येत नाही. दर्शनी भागावर ऊन दिसलं, तर तो फोटो उन्हाळ्याच्या सहामाहीतला. मग रस्ता. जुन्या काचेच्या प्लेटला प्रकाश बराच वेळ लागे, त्यामुळे चालती माणसं उमटत नसत. रिकामा दिसणारा रस्ता रिकामा होता असं धरू नये. पाट्यांची अक्षरं उलटी असली तर प्लेट पालथी छापली गेली आहे, आणि तसं असेल तर डावं-उजवं सगळंच फिरलं.

आराखड्याचं वेगळं. तो बांधायचं काय ठरलं ते सांगतो, बांधलं काय ते नाही. म्हणून मी कागदावरचे खण मोजते, मग जागेवर दोन खांबांमधलं अंतर. जुळलं नाही की काम खरं सुरू होतं: जिना नंतर हलवला का, माडी चढवली का, आगीनंतर काय बदललं. १८७९ च्या आगीत बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागवाड्याचाही दर्शनी भाग जळाला, तो पुढे पुन्हा उभारला. त्यामुळे विश्रामबागवाड्याचं कुठलंही चित्र हाती आलं की पहिला प्रश्न एकच: आगीआधीचं की नंतरचं? तारीख नसलेल्या चित्रावर मी एकही तुळई बदलत नाही.

शहराच्या जुन्या नकाशांचाही एक फायदा आहे. पेठेतला वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली तरी बोळाची वळणं, हौदाची जागा, हद्दीची भिंत बहुतेकदा तशीच राहते. जुन्या नकाशावर आजचा नकाशा ठेवला की हे उघडं होतं.

तुमच्या पेठेतला वाडा पुनर्विकासाला जात असेल, तर पाडायच्या आधी चौक आणि खण मोजून घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, फोटोमागे पेन्सिलीने तारीख आणि दिशा लिहा. माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत देऊ नका. ते दफ्तरात किंवा मंडळात दाखवा.