पुढे निघालेले प्यादे

बुद्धिबळाच्या पटावर प्यादी आठ; म्हणूनच की काय, त्यांची किंमत कुणी करीत नाही. वजीर गेला तर नवशिका हळहळतो, प्यादे गेले तर 'जाऊ द्या' म्हणतो. पण डाव सरत येतो, मोहरे मारामारीत खर्ची पडतात, आणि एखादे प्यादे असे निघते की त्याच्या पट्टीत किंवा शेजारच्या दोन्ही पट्ट्यांत त्याला अडवायला पुढे शत्रूचे प्यादे उरलेलेच नसते. हेच मुक्त प्यादे. त्याला शेवटच्या घरापर्यंत जाऊ दिले की त्याचा वजीर झालाच म्हणून समजा.

मला हे आप्पांनी शिकवले. आम्ही डिंडोलीचे. सुरतेत उधन्याच्या पुढे ही वस्ती आहे. खानदेशातून लूमवर कामाला आलेली आमच्यासारखी कुटुंबे तिथे गल्लोगल्ली सापडतील. आप्पा गावाकडून देशी खेळ शिकून आलेले. त्या खेळात प्यादे ज्या घरात पोचेल त्या घरच्या मोहऱ्याचा मान त्याला मिळे. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. सरसकट वजीर करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत त्यांना आजही थोडी चैनीची वाटते! प्याद्याने राजाला मात दिली तर ती 'प्यादेमात'. ती झाली की आप्पा दोन दिवस खुशीत असत.

मुक्त प्याद्याचे सामर्थ्य पाहायचे तर 1834 साली लंडनमध्ये झालेला ला बूर्दोने आणि मॅकडोनेल यांचा एक डाव पाहावा. ला बूर्दोनेने शेवटी आपला वजीरही देऊन टाकला. मॅकडोनेलजवळ वजीर आणि हत्ती शिल्लक, आणि समोर त्याच्याच दुसऱ्या ओळीत काळी तीन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी. मॅकडोनेलने डाव सोडला. पुढे निमझोवित्शने 1925 च्या आपल्या ग्रंथात अशा प्याद्याला गुन्हेगाराचीच उपमा दिली: त्याच्यावर नुसती नजर ठेवून भागत नाही. त्याच्यासमोर पहारा बसवावा लागतो, आणि त्या कामाला घोडा उत्तम. परवापरवाचे उदाहरण म्हणजे 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने 55 व्या चालीला हत्ती भलत्या घरात नेला. हत्ती गेले, उंट गेले आणि गुकेशचे एक जादा प्यादे एकदम डोंगराएवढे झाले.

इथवर सगळी पुस्तके सांगतात. आप्पांचे म्हणणे निराळे. ते विचारीत, "प्यादं पुढं गेलं, पण जोर कुणाचा?" जोर म्हणजे पाठराखण. ज्याला जोर नाही ते प्यादे जितके पुढे, तितके शत्रूच्या तोंडाशी. शिवाय जोर देणारा मोहरा अडकून पडतो. शास्त्र सांगते की हत्ती मुक्त प्याद्याच्या मागे ठेवावा, कारण प्यादे पुढे सरकेल तशी हत्तीची वाट लांबते. हे खरेच. पण प्याद्याच्या पुढ्यात शत्रूचा घोडा येऊन बसला की ते जागचे हलत नाही, आणि मागचा हत्तीही तिथेच उभा राहतो. बाकीच्या पटावर आग लागली तरी त्याला जाता येत नाही. प्रतिपक्षाला घाबरवणारे हे प्यादे आपल्याच माणसांना असे बांधून ठेवते. हा धोका मला पुस्तकातल्या सर्व धोक्यांहून मोठा वाटतो.

घरातली मी पहिली कॉलेजात आलेली. मावशी इकडे राहते म्हणून आले. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा दादा नववीनंतर लूमवर लागला. बारा तासांची पाळी. आठवडाभर दिवस, आठवडाभर रात्र. माझी फी त्याच्या पगारातून येते. दादा माझ्यापेक्षा चांगला खेळतो, हे मी कौतुकाने लिहीत नाही. गेल्या सुट्टीत सातपैकी पाच डाव त्याने जिंकले, तेही रात्रपाळीहून आल्यावर, डोळे चोळत.

त्या सुट्टीत मी त्याला स्पष्टच विचारले, "दादा, तू किती दिवस माझ्यामागं उभा राहणार?"

तो म्हणाला, "तुझा वजीर होईपर्यंत."

"आणि मध्येच घोडा बसला तर?"

त्यावर तो हसला आणि पट आवरू लागला. आप्पा मात्र हसले नाहीत. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

मग आम्ही तिघांनी बसून हिशेब केला. मी इथे दोन शिकवण्या धरायच्या, म्हणजे निम्मी फी निघते. दादाने बाहेरून दहावीला बसायचे. त्याची जुनी पुस्तके आईने माळ्यावर बांधून ठेवली होती. कसर लागलेली, पण पाने शाबूत. अर्ज भरून झाला आहे. मराठी, इतिहास तो काढील. बीजगणिताला त्याला जोर लागेल. रविवारी रात्री आठला मी फोन करते आणि तासभर आम्ही समीकरणे सोडवतो. रात्रपाळीचा आठवडा असला तर दुपारीच.