शेजारी बसणारे कोणीतरी

शाळा-महाविद्यालयांना देणगी देण्याची परंपरा आपल्या व्यापारी कुटुंबांत जुनी आहे. वर्गखोल्या, वसतिगृहे, पाणपोया यांवर कोरलेली आजोबा-पणजोबांची नावे आपण अभिमानाने वाचतो. अलीकडे या यादीत संगणक, प्रोजेक्टर आणि डिजिटल फळे यांची भर पडली आहे. हे दान स्तुत्यच आहे. परंतु राजुऱ्यात काही प्राध्यापकांना संगणकाच्या कामी साहाय्य करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. यंत्र वर्गात आले म्हणजे ते शिक्षकाच्या हाती आले, असे होत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी कोणीतरी बसावे लागते.

व्यापारी घरांना याचा दाखला बाहेर शोधण्याची गरज नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा आपल्या किती पेढ्यांवर काळजीचे वातावरण होते! माझे सासरे, बाबूजी, आयुष्यभर लाल कापडी बांधणीच्या वहीत हिशेब लिहीत आलेले. कर-सल्लागारांची व्याख्याने त्यांनी ऐकली, पुस्तिका आणल्या. तरी संगणकापुढे हात अडखळतच राहिला. मग दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाली की मी त्यांच्याजवळ बसू लागले. एक दिवस केवळ बिल करायचे, दुसऱ्या दिवशी केवळ खरेदीची नोंद. माउस त्यांच्याच हाती राहील, एवढे मी पाहत असे. काही महिन्यांनी एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलातील कराचा चुकीचा दर बाबूजींनीच पडद्यावर पकडला. हिशेबाची बुद्धी त्यांची होतीच. केवळ बोटांना नवी सवय हवी होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हाच अनुभव वेगळ्या रूपात पुढे उभा राहिला. मला महाविद्यालयात लेखाकर्म शिकविणाऱ्या सरांचा दूरध्वनी आला. “बेटा, आता तुझ्याकडून थोडं शिकायचं आहे,” ते म्हणाले. ज्यांच्या प्रश्नाला मी उभी राहून उत्तर देत असे, त्यांच्या तोंडचे हे वाक्य ऐकून मन भरून आले. सरांनी ऑनलाइन कार्यशाळा पूर्ण केली होती, प्रमाणपत्रही मिळविले होते. परंतु उद्याच्या तासाला नेमके काय करायचे, हा प्रश्न तसाच होता.

राजुऱ्याचे विद्यार्थी दोन प्रकारच्या वस्त्यांतून येतात. एकीकडे सास्तीच्या कोळसा खाणी आणि गडचांदूरचा सिमेंट कारखाना, दुसरीकडे जिवतीचा पहाड. खाणीच्या वसाहतीतील मुलगा चलचित्र पाहू शके. पहाडावरील कोलाम वा गोंड पाड्यातील मुलीला मोबाईलची लहर मिळविण्यासाठी उंचवट्यावर जावे लागे. थेट तास घेतला तर तीच आधी गळणार, हे उघड होते. म्हणून आम्ही साधी वाट धरली. सरांनी घसाऱ्याच्या नोंदी कागदावर हाताने लिहायच्या, त्याचे छायाचित्र आणि सात-आठ मिनिटांचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवायचे. मध्येच सर म्हणत, “इथे थांबा, पुढची नोंद स्वतः करा, मग ऐका.” मुली उंचवट्यावर जाऊन धडा उतरवून घेत आणि घरी परतून अभ्यास करीत.

याचे फळ अनपेक्षित होते. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले रात्री आपापल्या नोंदींची छायाचित्रे पाठवू लागली. नावे आणि जमा यांत नेमका कोणाचा कोठे गोंधळ होतो, ते सरांना दिसू लागले. “इतकी वर्षं शिकवलं, पण हे वर्गात दिसत नव्हतं,” ते म्हणाले. टाळेबंदी उठल्यावरही त्यांनी ही पद्धत सोडली नाही.

मोठ्या संस्थांनीही हेच तत्त्व ओळखले आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. दीपक फाटक यांनी देशभरातील हजारो महाविद्यालयीन शिक्षकांना दूरस्थ केंद्रांद्वारे प्रशिक्षण दिले. त्याच संस्थेतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात सुमारे दहा मिनिटांचे धडे असतात. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला शिकणाऱ्याची स्वतःची कृती. अनेक धड्यांचे निवेदन मराठीतही आहे आणि ते विनामूल्य मिळतात. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातील शिक्षकांना याचा मोठा उपयोग आहे. तथापि पहिले काही दिवस कोणी सोबत असेल, तरच हे दार उघडते.

एका संस्थेत मी देणगीचा डिजिटल फळा कापडाखाली झाकलेला पाहिला. कारण आळस नव्हते. एक तार सापडत नव्हती, विचारायला कोणी नव्हते आणि विद्यार्थ्यांदेखत फळा अडला तर काय, ही धास्ती होती. ज्येष्ठ शिक्षकाची ही धास्ती आदराने समजून घ्यावी लागते. त्यांना चारचौघांत शिकवू नये; त्यांच्याच उद्याच्या धड्यापासून आरंभ करावा आणि त्यांचा हात सैल होईपर्यंत घाई करू नये.

म्हणून देणगीदार बंधु-भगिनींना एक विनंती आहे. पुढील वेळी महाविद्यालयाला यंत्र द्याल, तेव्हा ते चालविण्यास साहाय्य करील अशा गावातीलच एखाद्या पदवीधर मुलाचे वा मुलीचे वर्षभराचे मानधनही द्यावे. तेवढे शक्य नसेल, तर पुण्या-नागपुराहून सुटीत घरी येणाऱ्या आपल्या मुलांना आठवड्यातून दोन दुपारी महाविद्यालयात पाठवावे. आपल्या जुन्या सरांना विचारावे, “सर, उद्या काय शिकवणार आहात?” काम तेथूनच सुरू होते.