बाविशीतला आवाज

हा जगात आला तेव्हा ज्याचा आवाज ह्याच्या अंगात आहे तो माणूस जाऊन चौदा महिने झाले होते. ७ सप्टेंबर १९९६ च्या रात्री लास व्हेगासमध्ये अमेरिकन रॅपर टुपाक शकूरवर गोळ्या झाडल्या गेल्या, १३ तारखेला तो गेला. वय पंचवीस. आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला हा अल्बम दुकानांत येऊन उभा राहिला: दोन डिस्क, सव्वीस तुकडे, नाव ‘आर यू स्टिल डाउन? (रिमेंबर मी)’. नावातच एक प्रश्न आणि एक विनवणी.

टुपाक गेल्यावर आलेला हा पहिला अल्बम नव्हे. मकावेली हे नाव घेऊन केलेला एक अल्बम त्याच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांत आला होता. पण तो त्याने स्वतः पुरा करून ठेवला होता. ह्याच्या नशिबी ते नव्हतं. कुठली गाणी घ्यायची, कशामागे काय लावायचं, कुठल्या शब्दांना नवा ठेका द्यायचा, ह्यातलं काहीच टुपाकला विचारता आलं नाही. त्यामुळे असल्या मरणोत्तर संग्रहांविषयी मला एरवी जी धास्ती वाटते ती ह्याच्याही बाबतीत होती. ऐकत गेलो तशी ती ओसरली, कारण ह्याचं वय.

हा नंतर जन्मला, पण आवाजाने लहान आहे. ह्यातलं बहुतेक ध्वनिमुद्रण टुपाक डेथ रो ह्या रेकॉर्ड कंपनीत जायच्या आधीचं, एकवीस-बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचं. १९९५ मध्ये तुरुंगातून सुटून, फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘ऑल आइज ऑन मी’ काढणारा टुपाक जगाच्या लक्षात आहे: छाती काढून चालणारा, वैऱ्यांची नावं घेऊन बोलणारा. हा तसा नाही. हा तापट आहे, पण त्याच्या रागाला अजून सराईतपणा आलेला नाही. एका गाण्यात धमकावतो आणि पुढच्या गाण्यात स्वतःलाच धीर देतो. मेल्यावर टुपाकचं जे शिल्प लोकांनी मनात उभं केलं, त्यात हा पोरगा कुठेच बसत नव्हता. ह्याच्यामुळे तो परत मिळाला.

मिळवून दिला तो आईने. आफेनी शकूर न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथर पक्षातली. बॉम्बस्फोटांचा कट केल्याच्या खटल्यात एकवीस पँथरांवर आरोप ठेवले गेले, त्यांत ती होती. पोटुशी असताना तुरुंगात गेली, कोर्टात आपली बाजू तिने स्वतः मांडली, आणि मे १९७१ मध्ये सगळ्या आरोपांतून सुटली. साधारण महिन्याभराने, १६ जूनला, टुपाक झाला. (त्याच पँथरांच्या नावावरून पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) मुलगा गेल्यावर त्याच्या अप्रकाशित टेप्सवर हक्क कोणाचा, ह्यासाठी ती रेकॉर्ड कंपन्यांशी भांडली, आणि मुलाच्या मधल्या नावावरून ‘अमारू’ ही कंपनी काढली. अमारूने काढलेला पहिला अल्बम हाच.

ह्याच्या दुसऱ्या डिस्कवर ‘सिक्स्टीन ऑन डेथ रो’ आहे. सोळा वर्षांचा मुलगा, फाशीची शिक्षा झालेला, कोठडीतून आईशी बोलतो. ह्या डेथ रोचा त्या कंपनीशी संबंध नाही. ही खरीखुरी फाशीची कोठडी. टुपाकने हे म्हटलं तेव्हा ते एक पात्र होतं. अल्बम सिद्ध करणाऱ्या आईच्या कानांवर ते कसं पडलं असेल? तरी तिने ते ठेवलं.

ठेवायला तिने बरंच काही ठेवलं. बायकांबद्दल त्वेषाने, घाण बोललेली गाणी ह्यात आहेत आणि ती ऐकवत नाहीत. एखाद्या आईने ती गुपचूप गाळली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. पण मुलगा होता तसा लोकांपुढे ठेवायचा, देव्हाऱ्यात बसवायचा नाही, एवढा प्रामाणिकपणा ह्या संग्रहात आहे आणि मला त्याचा आदर वाटतो.

ह्याला जवळून पाहायचं तर हेडफोन लावावेत. टुपाकची सवय अशी की एकच कडवं तो दोन-दोन, तीन-तीनदा म्हणायचा आणि ते आवाज एकावर एक चढवले जायचे. ओळीच्या शेवटी शब्द नीट जुळत नाहीत, एक केसभर मागे राहतो, दोन श्वास वेगवेगळ्या जागी घेतलेले कळतात. ‘डू फॉर लव्ह’मध्ये बॉबी कॉल्डवेलच्या १९७८ च्या प्रेमगीताची चाल खाली मऊ वाहते आणि वर हा फसवल्या गेलेल्या प्रियकराची तक्रार घाईघाईने सांगतो. व्हिडिओसाठी माणूसच नव्हता, तेव्हा ॲनिमेशनने त्याला उभा केला.

सगळीकडे असं जमलेलं नाही. काही ठिकाणी मागाहून चढवलेला ठेका त्या आवाजाच्या अंगावर थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखा ढगळ बसतो. ‘आय वंडर इफ हेवन गॉट अ गेटो’ तर ह्यात दोनदा येतं, दोन वेगळ्या संगीतांवर. स्वर्गातही गरिबांची वस्ती असेल का, असं विचारणारं हे गाणं. पहिल्या डिस्कवरचं गोड, रेडिओला चालेलसं, दुसऱ्यावरचं खरखरीत. मला दुसरं जवळचं वाटतं. ह्यातले बरेच शब्द वर्षभराने, १९९८ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधल्या ‘चेंजेस’मध्ये पुन्हा आले आणि जगभर पोचले. कित्येकांना ते तिथेच पहिल्यांदा भेटले.

ह्याच्या मागून भावंडं पुष्कळ आली. २००४ च्या ‘लॉयल टू द गेम’मध्ये रॅपर एमिनेमने आपल्या संगीताच्या मापात बसवायला टुपाकच्या आवाजाची पट्टी आणि वेगही बदलला, तिथे मला तो ओळखू येईनासा होतो. ह्याच्यात तसं होत नाही. संगीत बदललं तरी बोलणारा तोच राहतो, अडखळतो तिथे अडखळू दिलेला. ज्यांनी टुपाक ऐकलेला नाही त्यांना मी ‘ऑल आइज ऑन मी’च्या आधी ह्याची दुसरी डिस्क ऐकायला सांगतो, आणि तीही ‘होल्ड ऑन बी स्ट्राँग’पासून.