खंड्याला कळप हवा होता

खंड्या जन्मला वाड्यावर. वाडा म्हणजे धनगरांची वाटेवरची चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि कुत्री. हा वाडा फलटणकडचा. दिवाळी झाली की निघायचा, पुरंदर, भोर करत वरंधा घाटानं महाडच्या बाजूला उतरायचा आणि भातकापणी झालेल्या खाचरांत मेंढरं बसवायचा. दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून मृगाच्या आत घाट चढावाच लागे. जाता-येता पुरंदरातल्या आमच्या रानात त्यांचा तळ पडे. लेंडीखताच्या बदल्यात आजी ज्वारी मापून देई. पुढं वडील रोख पैसे देऊ लागले. अशा येण्याजाण्यातून वाड्यावरचे मामा-मामी आमच्या घरचेच झाले.

मातकट रंग, छातीवर पांढरा ठिपका, लांब पाय आणि अंगावर जेमतेम मांस, असा हा कुत्रा. मामीनं त्याला कोकरांच्या डालग्याशेजारी वाढवला. कोकरं त्याच्या अंगावर चढत, तो त्यांची तोंडं चाटी. शेळीच्या दुधात कुस्करलेली भाकरी खाऊन तो तिथंच झोपे. मामा म्हणत, "पिल्लाला कोकरांचा वास लागला, की ते त्यांना आपलं गणगोत मानतंय. मग शिकवायचं काय त्यात?"

संध्याकाळी मेखा ठोकून वाघर लागली, मेंढरं त्या जाळीच्या आत गेली, की खंड्याचं काम सुरू होई. एका हिवाळ्यात आमच्याच रानात लांडगे आले. सगळी कुत्री भुंकत ओढ्याकडं धावली. खंड्या मात्र मागच्या बाजूला वाघरीला लागून उभा राहिला, कारण दुसरा लांडगा तिकडून सरकत होता. मामांनी बॅटरी मारली, हाळी दिली आणि लांडगे पांगले. कोकरू गेलं नाही आणि लांडगाही मेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला संरक्षण दिलं आहे. पण माळावर मेंढका आणि लांडगा या दोघांनाही जगू देतो तो असा राखणीचा कुत्रा, हे मी त्या रात्री पाहिलं.

पुढं चराईची रानं आटली. माळांचे प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली. मामांची मुलं कंपनीत लागली आणि मामांचे गुडघे घाट चढेनात. लोणंदच्या बाजारात मेंढरं गेली, घोडीही गेली. कुत्र्याला बाजारात भाव नसतो. मामा खंड्याला घेऊन आमच्या दारात आले. "तुमचं रान त्याच्या ओळखीचं हाय," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आमच्याकडं त्याला खायला-प्यायला कमी नव्हतं. पण दिवस मावळला की तो वाघर लागायची त्या मोकळ्या जागेला फेऱ्या घाली. रस्त्यानं एखादा कळप गेला, की कुठल्या कुठं त्याच्या मागं जाई. त्या कळपाची कुत्री अंगावर येत, आणि हा कान फाडून घेऊन परते. शेवटी शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्याबाहेर रात्र काढू लागला. तेव्हा त्याला हवं होतं ते आमच्या घरात नाही, हे सगळ्यांना कळलं.

मागणी करणारे आले. एकाला फार्महाऊससाठी साखळीला बांधून ठेवायला कुत्रा हवा होता. शेळीपालन करणाऱ्या एका तरुणानं मोबाइलवर बॉर्डर कोली पाहिला होता. खंड्यानंही तशाच शेळ्या वळवाव्यात, अशी त्याची अपेक्षा. स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरची ती जात मेंढरांना नजरेनं दाबते, शिट्टीवर डावी-उजवीकडं हाकते. आपला धनगरी कुत्रा हाकत नाही, तो राखतो. दोघांनाही वडिलांनी नम्रपणे नाही म्हटलं.

जागा शोधली ती मामीनं. तिच्या माहेरच्या नात्यातला एक वाडा होता. मेंढरं भरपूर आणि राखणीची कुत्री म्हातारी झालेली. मामीनं तिथल्या बायकांना आधी विचारलं, भाकरी कोण घालणार? कारण वाड्यावर कुत्रं ज्या हातचं खातं, त्याच हाताचं ऐकतं. आम्ही सरकारी दवाखान्यात त्याला रेबीजची लस टोचून घेतली. मामा स्वतः त्याला घेऊन गेले, आपलं जुनं घोंगडं तिथं टाकलं आणि काही दिवस तिथंच राहिले. आधी त्याला कासऱ्यानं कोकरांशेजारी बांधला. नव्या मालकिणीनं हातानं खायला घातलं. म्हाताऱ्या कुत्रीनं त्याला हुंगलं, गुरगुरली आणि मग शेजारी बसू दिलं. कासरा सोडला त्या संध्याकाळी खंड्या थेट वाघरीच्या मागच्या बाजूला जाऊन बसला. मामा निघाले तेव्हा त्यानं शेपटी हलवली, पण जागा सोडली नाही. त्याच वाड्यासोबत त्यानं पुढं अनेकदा घाट उतरला आणि चढला, आणि म्हातारपणी त्यांच्यातच त्यानं देह ठेवला.

मेंढरं विकायची वेळ आता अनेक वाड्यांवर येते आहे. ज्यांच्यावर ती येईल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कळप मोडण्याआधी कुत्र्याची सोय बघा. त्याला रस्त्यावर सोडू नका आणि अंगणात बांधूनही घालू नका. त्याला लस टोचा, दुसरा वाडा शोधा आणि स्वतः जाऊन त्याला तिथं रुळवा. ज्यानं आयुष्यभर तुमची राखण केली, त्याचा एवढा हक्क नक्कीच आहे.