पिन सांगता का, प्लीज?

गेल्या शनिवारी वरोऱ्याला घरी होतो. जेवण झालं, बाबा खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, आणि फोन वाजला. "काका, बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी संपलंय." समोरच्याला बाबांचं पूर्ण नाव माहीत होतं, खातं कुठल्या बँकेत तेही, आणि पेन्शन कधी जमा होते तेसुद्धा! बाबांनी ओटीपीचे पहिले तीन आकडे सांगितले, तेवढ्यात मी फोन हिसकावला.

बाबा भडकले. "अरे, किती अदबीनं बोलून राह्यला होता तो! तू काहून हिसकला फोन?"

खरंय. अदब हेच तर त्यांचं हत्यार.

हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे, फक्त तेव्हा फसणारा माणूस सातासमुद्रापार होता. एप्रिल २००५ मध्ये पुण्यात एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. सिटीबँकेच्या चार अमेरिकन ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत आले होते. हॅकिंग वगैरे काही नाही. अडचणीत मदत करतो म्हणून गोड बोलून पिन विचारले, आणि लोकांनी सांगितले. आत-बाहेर जाताना झडती असायची, त्यामुळे कागदावर काही लिहून नेणं अवघड. मग काय, आकडे पाठ केले असणार! डोक्याची झडती कोण घेणार?

त्यानंतर आयटी कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. चांगलंच आहे. पण मला दुसराच प्रश्न छळत होता. बाबांच्या पेन्शनची तारीख त्या माणसाकडे गेली कुठून?

कुठल्यातरी फाइलमधून. आणि अशा फाइली कशा फिरतात हे मला चांगलं माहीत आहे. पहिल्या नोकरीत टेस्टिंगसाठी मला खऱ्या ग्राहकांचा डेटा मिळाला होता. नावं, फोन नंबर, जन्मतारखा, सगळं एका एक्सेलमध्ये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना सोयीसाठी मी ती पेनड्राइव्हवर घेतली. कुणाला दिली नाही, देवाशपथ. पण नंतर पुसली का, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

निघताना बाबांच्या कॅलेंडरवर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दिला. सोबत भाषणही दिलं, कुणालाही काही सांगायचं नाही म्हणून. बाबांनी गुपचूप ऐकून घेतलं.

पुण्याला आल्यावर रात्रीच ड्रॉवर उपसला. पेनड्राइव्ह सापडला. फाइल होती. उघडल्यावर पहिल्याच ओळीत बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ, जन्म १९५८.

पुसून टाकली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.