वेळेची वर्गणी

आमच्या बेळगावात उन्हाळा लागला हे पूर्वी हॉस्टेलच्या फाटकाशी कळायचं. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की फाटकासमोर रिक्षांची रांग लागायची. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, सुतळीनं बांधलेली पुस्तकं. दोन दिवसांत पोरं आपापल्या गावी पांगली की टिळकवाडीतल्या खाणावळी अर्ध्या बंद पडायच्या आणि झेरॉक्सवाले भरदुपारी शटर ओढून झोपायचे. माझे मामंजी व्हरांड्यात खुर्ची टाकत म्हणायचे, "चला, आता गाव आपलं झालं की!"

पोरांबद्दल त्यांना राग नव्हता. हे गाव पोरांवरच मोठं झालं, हे त्यांनाही माहीत होतं. १९३३ साली लिंगराज कॉलेज निघालं, १९४५ साली राणी पार्वतीदेवी कॉलेज, म्हणजे आमचं आरपीडी. पुढे मेडिकल, इंजिनिअरिंग, आणि १९९८ साली तर अख्खं तांत्रिक विद्यापीठच इथं आलं. पु. ल. देशपांडे काही काळ आरपीडीत प्राध्यापक होते, त्या दिवसांतूनच त्यांना 'रावसाहेब' भेटले. गाव कॉलेजांचं झालं ते असं. वर्षाचे दहा महिने आम्ही या पोरांना खोल्या द्यायच्या, डबे द्यायचे, त्यांच्या मोटारसायकली सोसायच्या. उरलेले दोन महिने त्यांनी रिकाम्या केलेल्या इमारती आम्ही वापरायच्या. असा तो न लिहिलेला करार होता.

त्या रिकाम्या इमारतींवरच आमचा सगळा उन्हाळा उभा असायचा. मैदानावर सकाळी क्रिकेटचं शिबिर, वर्गात नाटकाची तालीम, बाकं उचलून नेली की व्याख्यानाची सोय. प्राध्यापकांना सुट्टी, म्हणून वक्त्याला स्टेशनवर घ्यायला तेच जायचे. कॉलेजातल्या गावच्या पोरांना सुट्टी, म्हणून सतरंज्या तीच घालायची. पावती-पुस्तक फिरायचं, नाही असं नाही, पण पैसा हा त्यातला फार छोटा भाग होता. खरी वर्गणी वेळेची असायची, आणि ती सगळ्यांकडे एकाच वेळी शिल्लक असायची.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी भाषण ऐकायची ती सवय इकडे आमच्यापर्यंतही पोचली. आम्हा जैन बायकांचं मात्र या व्याख्यानांशी जुनं भांडण. भाषण सहाला, आणि मे महिन्यात आमच्याकडे सूर्य मावळतो सातच्या सुमारास. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा घरचा नेम. म्हणजे पाचला स्वयंपाक तयार, साडेपाचला सासूबाईंसह सगळ्यांची पानं वाढून झालेली, आणि मी पदर सावरत धावतेय. एवढं करून गेलं की एक फायदा असायचा. वक्ता लांबला की बाकीचं सभागृह घड्याळाकडे बघायचं. आम्ही चार-पाच जणी जेवून आलेल्या, त्यामुळे एकदम निवांत! बेळगावातल्या लांबलेल्या भाषणांचा शेवट ज्यांनी ऐकलाय, त्यांत जैन बायका जास्त निघतील, असं मी गमतीनं म्हणते.

आणि मग वैशाखातले ते दोन दिवस. शुद्ध द्वितीयेला शिवजयंती. आमच्याकडे ती तिथीनं होते, आणि तिची चित्ररथांची मिरवणूक पुढे एका रात्री निघते ती दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चालूच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जिवंत देखावे असतात. कालपर्यंत किराणा दुकानात पुड्या बांधणारा पोरगा त्या रात्री मावळा झालेला असतो आणि ओळख दाखवत नाही. द्वितीयेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे लिंगायत बांधवांची बसव जयंती, आणि आमची अक्षय तृतीया. एकाच आठवड्यात मराठी ढोल, कन्नड वचनं आणि आमच्या बस्तीतला अभिषेक. बाहेरची माणसं विचारतात, तुमच्या गावात भाषेवरून भांडणं होतात ना? होतात. पण या आठवड्यात खुर्च्या भाड्यानं देणारा एकच असतो, आणि तो तिघांनाही त्याच खुर्च्या देतो.

अक्षय तृतीयेला आमच्या घरी उसाचा रस असतो. सासूबाई तो देताना दरवर्षी तीच गोष्ट सांगायच्या, आणि आम्ही दरवर्षी ती नव्यानं ऐकल्यासारखी ऐकायचो. आदिनाथ भगवान मुनी झाले, सहा महिने ध्यानाला बसले, मग आहारासाठी निघाले. लोकांना मुनीला आहार कसा द्यायचा हेच ठाऊक नव्हतं. आपला राजा दारात आलाय म्हटल्यावर कुणी हत्ती आणला, कुणी घोडा, कुणी रत्नांची ताटं. मुनी काही मागत नाहीत, ते नुसते पुढे जात राहिले. असे कितीतरी महिने गेले. शेवटी हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला पूर्वजन्मीचं आठवलं आणि त्यानं ओंजळीत उसाचा रस घातला. सासूबाई पेला पुढे करत म्हणायच्या, "बघ बाई, देणारे पुष्कळ होते. काय द्यायचं ते एकालाच कळलं."

ही गोष्ट मला सध्या फार आठवते. त्याला कारण आमचं शिबिर.

सोळा वर्षांपूर्वी आम्ही चौघींनी मे महिन्यात मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर सुरू केलं. नाव काही ठेवलं नाही. मुलं त्याला 'आक्कांची शाळा' म्हणतात. आठ ते तेरा वर्षांची मुलं, सकाळचे दोन तास. गोष्ट वाचायची, वाचलेली दुसऱ्याला सांगायची, आजीला पत्र लिहून ते खरंच पेटीत टाकायचं, शर्टाचं बटण लावायचं, मुलग्यांनीसुद्धा. फी नाही. प्रत्येकानं घरून वाटीभर चुरमुरे आणायचे. ते सगळे एका पातेल्यात ओतून शेंगदाणे, तिखट, मीठ आणि फोडणी घालून भडंग करायचं. कुणाचे चुरमुरे जाड, कुणाचे सादळलेले. भडंग झाल्यावर कुणाचे कुठले ते कळत नाही.

हे सगळं एका कॉलेजच्या रिकाम्या वर्गात चालायचं. यंदा वर्ग मिळाला नाही.

सेमिस्टर पद्धत आली तेव्हा आम्हा घरच्या बायकांचा तिच्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पण वर्षाची एक परीक्षा होती तिच्या दोन झाल्या, आणि मे महिन्यातली मोठी सुट्टी बघता बघता तुकड्या-तुकड्यांची झाली. एका कॉलेजचे पेपर चालू, दुसऱ्याचे तोंडावर, तिसऱ्याच्या प्राध्यापकांना पेपर तपासायचे. आम्ही विचारायला गेलो तर ऑफिसातल्या बाईंनी वेळापत्रकच पुढे केलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. रिकामी खोलीच नव्हती तर देणार कुठून?

सीमेवर राहणाऱ्यांची सुट्टी आधीच फाटलेली. आमच्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास बंद होतात आणि मे संपता संपता उघडतात. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत. कोल्हापूरची भाचरं माझ्याकडे येऊन जरा रुळतात न रुळतात तोच माझ्या शेजारची पोरं दप्तरं भरायला लागतात. आता कॉलेजांचीही तीच तऱ्हा. पूर्वी सुट्टी गावाला मिळायची. आता ज्याची त्याला मिळते, वेगवेगळ्या तारखांना. आणि दहा माणसांची सुट्टी दहा तारखांना पडली की सतरंजीचं दुसरं टोक धरायला कुणी नसतं.

"राहू दे यंदा," आमच्यातली एक जण म्हणाली. वय झालंय, गुडघे बोलतात, तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण त्याच दुपारी आमच्या गल्लीत चार घरी भांडी करणारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिची पोरगी गेली दोन वर्षं शिबिरात येते. म्हणाली, "आक्का, शिबिर न्हाई म्हणत्यात? मग पोरीला घरात कोंडून जावं लागतंय बघा. बाहेरनं कुलूप घालते आणि मोबाइल देऊन जाते. दुसरं काय करू?" दहा दिवस, दोन-दोन तास. आमच्यासाठी तो समाजकार्याचा हौसेचा भाग होता. तिच्यासाठी ते एका कुलपाचं प्रकरण होतं.

मग जागा शोधली. आमच्या बस्तीला लागून एक सभागृह आहे, चातुर्मासात प्रवचनं होतात तिथं. विश्वस्तांपैकी एका वडीलधाऱ्या आण्णांनी विचारलं, "सगळ्यांचीच पोरं येणार?" मी म्हटलं, "सगळ्यांचीच." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चपला बाहेर काढायच्या, पाणी गाळलेलं ठेवायचं, आणि तुमच्या त्या भडंगात लसूण चालायचा नाही." मी म्हटलं, "आण्णा, सोळा वर्षांत कधी घातलाय?" एवढ्यावर जागा मिळाली.

जागा मिळाल्याची बातमी पसरली आणि देणारे आले. ओळखीचे एक व्यापारी गृहस्थ आले, माणूस खरंच दिलदार. म्हणाले, "वहिनी, फ्लेक्स माझ्याकडून. मुलांना टी-शर्ट माझ्याकडून. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला ट्रॉफी." त्यांच्या डोळ्यांपुढे मला ती रंगीत ट्रॉफ्यांची रांग दिसत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे हत्ती आणि घोडे. मी विचारलं, "शनिवारी सकाळी दोन तास याल का? मुलांना हिशेब कसा मांडतात ते दाखवा. पन्नास रुपयांत भाजी कशी आणायची, एवढंच." ते हसले. "वहिनी, वेळ कुठला हो!"

त्या रात्री मी एक शंभर पानी वही काढली आणि रेघा मारल्या. हिशेब सोपा होता. दहा दिवस, रोज दोन तास, एका वेळी तीन मोठी माणसं तरी हवीतच. एकूण ६० तास. त्या वहीत रुपयांचा रकानाच ठेवला नाही. नाव, वार, आणि किती तास.

वही घेऊन फिरले तेव्हा गाव वेगळंच दिसलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, पत्राचा वर्ग माझा, रोज अर्धा तास. आमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंनी बटणांचे चार तास घेतले, वर काजांचे दोन. खानापूरकडून करवंदं-जांभळं घेऊन येणारी म्हातारी द्रोण भरता भरता म्हणाली, "मला लिवता येत न्हाई, पर झाडांची नावं सांगू काय?" तिचा एक तास मीच लिहिला आणि पुढे तिनं अंगठ्याऐवजी करवंदाचा डाग लावला.

आणि हॉस्टेलची पोरं! ती यंदा गावातच होती. ज्या सेमिस्टरनं आमचा वर्ग नेला, तिनंच पोरांना मे महिन्यात इथं अडकवून ठेवलं होतं. आमच्या मागच्या इमारतीत इंजिनिअरिंगची चौघं राहतात. घरची आठवण येते, मेस कंटाळवाणी, दोन पेपरांच्या मधे पाच-पाच दिवस रिकामे. त्यातला एक विजयपूरकडचा. मी वही पुढे केली तर घाबरला. "आंटी, मराठी बरंगिल्ल," म्हणाला. मराठी येत नाही म्हणे. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की निम्म्या पोरांना कन्नड येतं, उरलेली निम्मी शिकतील. त्यानं सहा तास लिहिले. बुद्धिबळ शिकवणार आहे. मोबदला म्हणून त्याला संध्याकाळी आमच्याकडे ज्वारीची भाकरी हवी होती. म्हटलं मिळेल, पण साडेपाचला. सातनंतर आलास तर आमच्या चुलीला रजा असते.

मामंजी आज नाहीत. असते तर त्यांना मी सांगितलं असतं, आता उन्हाळ्यात गाव मोकळं होत नाही, आणि व्हरांड्यात बसून ते आपलं होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. हातात वही घेऊन ते दारोदार गोळा करावं लागतं, अर्धा-अर्धा तास करून.

शिबिर सोमवारी सुरू होतंय. रविवारी सुट्टी द्यायची असल्यामुळे शेवट पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. मुलांची नावं आली आहेत, कुलपाच्या घरातल्या पोरीचं सगळ्यांत वर. वहीत ५८ तास भरलेत. मधल्या शनिवारचे दोन तेवढे रिकामे आहेत, हिशेबाच्या वर्गाचे. ऊन जरा उतरलं की वही घेऊन पुन्हा त्या टी-शर्टवाल्या गृहस्थांच्या दुकानात जाणार आहे. दुकानाशेजारीच उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. आधी त्यांना एक पेला पाजीन म्हणते.